पुढच्याचा हात

भडकूला पहाटे उठायला कधी गजर लागला नाही. राग माणसाला झोपू देत नाही, आणि त्याच्याकडे रागाचा साठा भरपूर. आदल्या दिवशी कुणी काही उलट बोललं असेल, तर ते उशाशी घेऊनच तो निजायचा आणि अंधारातच दात आवळून जागा व्हायचा. खरं नाव हजेरीपुरतं. कारखान्यात, गल्लीत, अगदी सासुरवाडीतसुद्धा तो भडकूच.

काम घणाचं. भट्टीतून निघालेलं लालभडक लोखंड चिमट्यात धरून साच्यावर ठेवायचं, पायाने कळ दाबायची, की वरून यंत्राचा घण पडायचा. धाड. धाड. दिवसभर जमीन हादरायची, ठिणग्या बाहीतून आत शिरायच्या. मुकादम म्हणायचा, "घण तरी पाय उचलला की थांबतो, हा तर थांबतच नाही." अर्थात भडकू जवळ नसताना म्हणायचा. एकदा तोंडावर म्हणून पाहणाऱ्या क्रेनवाल्याचं नाक अजून वाकडं होतं.

तरुणपणी तो सायकलच्या शर्यती मारायचा, आणि चांगल्या मारायचा. शेवटच्या शर्यतीत दुसरा आला, तर पहिला आलेल्याला बक्षिसाच्या पायरीवरून खाली ओढून त्याने सगळ्यांदेखत तुडवलं. वळणावर कोपर मारलं होतं म्हणे. मारलंही असेल. पण जिल्ह्याच्या संघाचं दार तेव्हा बंद झालं ते झालंच.

बायकोने पुष्कळ सोसलं. आधी बशा फुटल्या, मग दाराची फळी फुटली, आणि एका संध्याकाळी, शेजाऱ्यावर उगारलेली खुर्ची अडवायला मध्ये आलेल्या तिचं मनगट फुटलं. प्लास्टर उतरलं त्याच दिवशी ती शिवणयंत्र घेऊन पुलापलीकडे भावाच्या घरी राहायला गेली. लेक मात्र बापाकडे राहिली. आईने विचारलं, "त्या माणसात काय पाहिलंस गं तू?" लेक म्हणाली, "पहाटेची सायकल मला दुसरं कोण शिकवणार?"

बापाला मात्र तिने अट घातली.

"बाबा, ज्या दिवशी कुणावर हात उचलाल, त्या दिवशी मी आईकडे."

"कुणावरही?"

"कुणावरही."

"आणि समोरच्याने आधी उचलला तर?"

"तर खायचा मार. तुम्हाला काय, सवय होईल."

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. भडकूचा पीळही होता तसाच होता, फक्त आता तो पायात उतरला होता. हात शिवशिवले की तो पायडल हाणायचा. लेक गेली तर घरात कोण उरणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो आणि त्याचा राग. त्या दोघांना एका खोलीत राहायचं होतं, आणि त्याची त्याला खरोखर भीती वाटायची.

पहिली पाळी सकाळी लवकर लागायची, तिची शाळा त्यानंतर. सराव मग अंधारातच. दोघं बूट हातात घेऊन जिना उतरायची, टायर अंगठ्याने दाबून बघायची आणि गोदामांच्या लांब रस्त्याला लागायची. पुढे बाप, मागे लेक, दोघांच्या चाकांत वीतभर अंतर. वाऱ्याचा मार पुढच्याने खायचा, मागच्याने त्याच्या आडोशाला दम राखायचा. मागच्याला रस्ता दिसत नाही, त्याने पुढच्याच्या चाकावरून नजर काढायची नाही. खड्डा आला की पुढच्याने त्या बाजूचा हात खाली करून दाखवायचा. आणि दिवा एकच, तो पुढच्याकडे. मागच्यानेही लावला तर पुढच्याची सावली त्याच्याच पुढ्यात पडते, आणि सावलीत खड्डा लपतो. हे सगळं भडकूने शिकवलं होतं, आणि लेकीने डोळे मिटून मानलं होतं.

मध्यंतरी गोदामावरचं कुत्रं तिच्या पोटरीला झोंबलं. भडकूने त्याला अशी लाथ घातली की ते केकाटत गटारात गेलं. पुढच्या कोपऱ्यावर लेक थांबली.

"कुत्रं धरायचं का?" त्याने घाबरतच विचारलं.

"या वेळी नाही," ती म्हणाली. "पण तुम्ही विचारलंत हे बरं केलंत."

निवड चाचणी रविवारी होती. जिल्ह्याच्या संघात मुलींची एक जागा रिकामी होती आणि ती आपल्या लेकीची, याबद्दल भडकूच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. आपल्याला जे दार बंद झालं ते तिला उघडायचं, एवढ्यासाठी तर तो वर्षभर दात ओठ खाऊन शिव्या गिळत होता.

त्या गुरुवारी धुकं नव्हतं, वारा नव्हता, रस्ता मोकळा. लेक मागून "अजून, बाबा, अजून" म्हणत होती. समोरून एक मोटारसायकल आली. दोघंजण. दिव्याचा झोत डोळ्यांवर आला, बाजूने गेला. मग मागे गाडीचा आवाज मंदावला. भडकूने काखेखालून मागे पाहिलं. मोटारसायकल वळली होती आणि त्यांच्या मागे येत होती.

वळून का आले? पहाटेच्या अंधारात, पोरगी पाहून, वळून का आले?

चोराच्या मनात चांदणं असतं, तसं मारकुट्याच्या मनात नेहमी भांडण असतं. मोटारसायकल लेकीच्या बरोबरीला आली. मागे बसलेला काहीतरी ओरडत होता, इंजिनाच्या फटफटाटात एक शब्द कळेना. त्याने हात लांब केला. भडकूला तो हात लेकीच्या कमरेशी दिसला.

तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी शेजारी येताच त्याने चालत्या सायकलवरून ठोसा हाणला. तो चालवणाऱ्याच्या खांद्यावर बसला, गाडी हेलपाटली, चालवणाऱ्याने जीव मुठीत धरून वेग वाढवला. भडकू पायडलवर उभा राहिला आणि त्या लाल दिव्याच्या मागे सुटला.

"बाबा, नको!"

हे त्याने ऐकलं. पुढे पोलिसांना तो नाही म्हणाला, पण ऐकलं होतं.

मोटारसायकलशी सायकलची काय बरोबरी? पण थोडं पुढे जाऊन गाडी अचानक मंदावली, रस्ता सोडून उजवीकडच्या मातीत उतरली आणि चिंचोळ्या जागेतून डुगडुगत निघाली. का उतरली, हे भडकूने पाहिलंच नाही. त्याला फक्त लाल दिवा दिसत होता. तोही मातीत उतरला, पलीकडे निघाला, आणि गाडीवर मागे बसलेल्याची कॉलर त्याच्या हातात आली.

मग घण पडायला लागला. माणूस खाली आला तसा भडकूने सायकल टाकली, दांडीचा पंप उपसला आणि त्याच्या तोंडावर मारला. काहीतरी मोडलं. पंप की दात, ते कळलं नाही. पुन्हा मारला. तो माणूस हात वर करून काही सांगायला बघत होता, तर भडकूने त्या हातावरही मारलं, त्याच हातावर, दात ओठ खाऊन. छातीवर गुडघा रोवला आणि मूठ वळली. वर्षभर गिळलेली एकेक शिवी बाहेर येत होती. आणि खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. इतकं बरं त्याला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

मागे पायडलचा आवाज आला, जोरात, जीव तोडून. लेक त्याला थांबवायला येत होती.

"बाबा, सोडा त्या..."

आणि आवाज खाली गेला. आधी चाक कशावर तरी आदळलं, मग लोखंड दगडावर घासलं, मग धप्प असं काहीतरी, आणि नंतर काहीच नाही.

भडकूची मूठ हवेतच राहिली. त्याच्या गुडघ्याखालचा माणूस तोंडातलं रक्त थुंकून म्हणाला, "काका... तेच सांगायला वळलो होतो. रस्ता खणलाय पुढे."

लेकीच्या कमरेशी दिसलेला तो हात खाली केला होता त्याने. खड्डा दाखवायला करतात तसा. भडकूने जन्मभर ती खूण दिली, ती खूण घेतली, आणि त्या पहाटे तीच त्याला ओळखता आली नाही.

नळ घालायला रात्रीतून अर्धा रस्ता उकरला होता. ना दगड, ना दोरी, ना दिवा. भडकू लाल दिव्यामागे त्याला वळसा घालून गेला होता, आणि दोघांचा मिळून असलेला एकमेव दिवाही बरोबर घेऊन गेला होता. लेकीला कुणी हात दाखवला नाही.

गाडी चालवणारा मागे धावत आला आणि चरात उतरला. भडकूही उतरला, पण त्याला तिचा बूटसुद्धा पायडलमधून सोडवता येईना. तिला वर घेतलं ते त्या दोघांनी. तोंड फुटलेल्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रिक्षा येईपर्यंत हलू दिलं नाही. त्याच्या बाहीला मैदा लागला होता. रात्रपाळी करून घरी निघालेले बेकरीतले भट्टीवाले होते ते. त्याच्या हनुवटीवरून रक्त तिच्या केसांत ठिबकत होतं, आणि तो तिला म्हणत होता, "काही नाही झालं, ताई, डोळे उघडे ठेव."

काही नाही कसं? खांद्याचं हाड मोडलं होतं, गाल खडीने उघडा पडला होता. रविवार आला आणि गेला. आई इस्पितळात आली ती भडकूकडे न बघता लेकीचे कपडे घेऊन. लेक त्याच्याकडे बघत होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, अट आठवते ना?" एवढंच म्हणाली ती.

भट्टीवाल्याने तक्रार केली, करायलाच हवी होती. भडकू कोठडीत बसून आला. सुटल्यावर माफी मागायला बेकरीच्या मागच्या दाराशी गेला. भट्टीवाल्याचे पुढचे दात गेले होते, शब्द फुसफुसत निघत होते.

"माफीचं राहू दे," तो म्हणाला. "पण आता मी वाटेत कुणाला खड्डा सांगत नाही. परवा एक म्हातारा चालला होता उघड्या खड्ड्याकडे. तोंड उघडलं, आणि मिटलं."

भडकू घरी आला. घरात तो होता आणि त्याचा राग होता, पण आता रागाला मारायला दुसरं कुणी मिळेना. रोज पहाटे तो सायकल काढायचा, पुलापर्यंत जायचा, पलीकडच्या खिडकीत दिवा आहे का बघायचा आणि परत यायचा.

उन्हाळा सरत आला तेव्हा एका पहाटे पुलाच्या खांबाखाली ती उभी होती. सायकल नवी नव्हती, तीच होती, सरळ केलेली. गालावर वण होता.

"मी आईकडेच राहणार," ती आधीच म्हणाली. "आईला सांगून आलेय. फक्त सरावाला आलेय."

"बरं."

"दिवा काढा."

त्याने आपल्या सायकलचा दिवा काढून दिला. तिने तो आपल्या दांडीला आवळला.

"आता मी पुढे. तुम्ही चाकावरून नजर काढायची नाही. कुणी काही म्हणो, कुणी काही करो."

गोदामांचा रस्ता लागला. भडकूला तिच्या चाकाखेरीज काही दिसत नव्हतं. एक ट्रक कान फाडत अंगाला घासून गेला, क्लीनरने आईवरून शिवी दिली. भडकूची मूठ दांडीवर वळली, दात आवळले गेले. मान वर यायला लागली होती. त्याने ती खाली ठेवली. सोपं नव्हतं, घामाने पाठ भिजली.

पुढे लेकीचा डावा हात खाली गेला.

ती जागा त्याला न बघताही ठाऊक होती. चर कधीच बुजला होता, वर गुळगुळीत डांबर होतं, खड्डा म्हणून काही उरला नव्हता. तरी तिचा हात खालीच होता, आणि वाट बघत होता. भडकूने सायकल उजवीकडे घेतली आणि मातीतून वळसा घालून गेला.