आरशावरची चादर

आज देवाचे आभार मानले, पण मन भरून नाही. जे मागितलं ते त्याने दिलेलं नाही.

माझा दादा न्हावी. वडिलांचा वस्तरा ज्या हाताने चालवला, तो उजवा हातच लकव्याने गेला. बोटं जराशी हलू लागताच, कुणाचं न ऐकता, त्याने दुकान उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक शेजारचे मास्तर. वस्तरा निसटला, कानाखाली टाके पडले. "दाढी करतोस की बोकड कापतोस?" मास्तर भर रस्त्यात ओरडले. पुढे कुणी दुकानाची पायरी चढलं नाही. दादा भिंतीकडे तोंड करून पडून राही. मी प्रार्थनेत त्याचा हात परत मागत होते.

शेवटी वहिनीच कडाडली, "एकच गेलाय ना? दुसरा काय शोभेला आहे?"

मग डाव्या हाताने शिकणं सुरू झालं. वहिनी फुगा फुगवी, दादा त्यावर फेस लावून वस्तरा फिरवी. फुगा फुटला की गल्लीतली पोरं बाहेरून ओरडत, "गेला, आणखी एक गेला!" फुगे फुटतच राहिले. एकदा दादा म्हणाला, "आरसा झाक." जन्मभर त्याने आरशात बघून काम केलं होतं. हात बदलला, तरी नजर आरशात जाई आणि डावा हात उलटा वळे. वहिनीने चादर टाकली. त्या दिवशीचा फुगा टिकला.

पण फुग्याला गळा नसतो. आज आमचे हे खुर्चीत जाऊन बसले.

"दाजी, उठा. माझा भरवसा नाही."

"माझा तरी कुठे आहे? तुझ्या बहिणीला शेवटचं बघून घेतलंय. चालव."

दादाने मेलेला उजवा हात त्यांच्या गालावर ठेवला. त्याच्या वजनानेच कातडी ताणली गेली. हनुवटीपाशी रक्त आलं. वस्तरा थांबला. दादाचे ओठ पांढरे पडले. मी डोळे मिटून घेतले.

"अर्धं तोंड घेऊन घरी जाऊ का?" हे म्हणाले.

मग वस्तऱ्याची खरखर पुन्हा सुरू झाली, अगदी हळू.

मास्तर समोरून गेले. त्यांनी आत पाहिलं नाही. दादाने मात्र दुकानाचं दार लावलं नाही.