रिकाम्या तक्त्यांची मोजणी

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी बंगळुरातल्या बसवनगुडीचे ते प्रकरण मनातून गेलेले नाही. नव्वदच्या दशकाचा शेवट होता आणि मी त्या भागात पोलीस निरीक्षक होतो. एका ट्रस्टच्या रुग्णालयात एक बाळंतीण दगावली. तिला एक विशिष्ट इंजेक्शन चालत नसे. तशी नोंद रुग्णालयाच्या संगणकात होती. पण ती पडद्यावर यायला वीस मिनिटे लागली. तोवर इंजेक्शन देऊन झाले होते.

ट्रस्टचे सेक्रेटरी फिर्याद घेऊन आले. आठवड्यापूर्वीच त्यांनी संगणकात नोंदींच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती घातली होती. मंत्र्यांच्या हस्ते, मुहूर्त पाहून, यंत्राला हळदकुंकू वाहून. कागदी कार्डे त्याच दिवशी तळघरात कुलूपबंद झाली, कारण निमंत्रणपत्रिकेवर ‘कागदमुक्त रुग्णालय’ असे छापले होते. तेव्हापासून प्रत्येक शोध रखडत होता. सेक्रेटरींच्या मते हा घातपात होता.

दुपारी ठाण्यात निनावी फोन आला. "ऑपरेटरला धरा. उद्घाटनाच्या दिवशी कँटीनमध्ये म्हणत होता, सोमवारी सगळे रडाल."

रुग्णालयाचा संगणक ऑपरेटर तिशीचा, माझ्यासारखाच जुन्या बंगळुरी मराठी घरातला. त्याला अटक करून तीन दिवसांची कोठडी घेतली.

"रडाल म्हणालास?"

"म्हणालो, सर."

"म्हणजे तुला ठाऊक होतं."

"ठाऊक होतं म्हणून तर म्हणालो. तक्ते रिकामे असताना मोजणी केली, सर. मला यंत्रापाशी बसू द्या, तासाभरात सरी होईल, पहिल्यासारखं चालेल."

"आधी व्हायरस कुणी घातला ते सांग."

"व्हायरस नाही, सर. मोजणी."

दोन दिवस मी तोच प्रश्न विचारला आणि त्याने तेच उत्तर दिले. सराईत गुन्हेगार रोज नवे उत्तर देतो, हे मला माहीत होते; पण हा संगणकवाला, म्हणून मी त्याला जास्तच पोचलेला समजलो. रुग्णालयाची अडचण नको म्हणून यंत्र जप्त केले नाही. त्याला मात्र जवळ फिरकू दिले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ठाण्याचा रायटर, म्हणजे लिखापढी सांभाळणारा जुना हवालदार, कन्नडमध्ये म्हणाला, "सार, पोरगा खरं बोलतोय."

"तुला संगणक कळायला लागला?"

"संगणक नाही, रजिस्टर कळतं. जानेवारीत गुन्हे रजिस्टरात चार नोंदी असतात. तेव्हा सूची कोण बघतं? पानं उलटली की झालं. डिसेंबरात मी तसंच करत बसलो तर तुम्ही माझ्या आईबापांचा उद्धार कराल. त्या यंत्राला अजून जानेवारीच वाटतोय."

मी ऑपरेटरला बाहेर आणून पुन्हा सगळे ऐकले, या वेळी मध्ये न बोलता. नवी आवृत्ती प्रत्येक तक्त्यातल्या नोंदी एकदा मोजते आणि त्यावरून शोधायची वाट ठरवते. मुहूर्त टळू नये म्हणून मोजणी रिकाम्या तक्त्यांवरच उरकली. जुन्या हजारो नोंदी मागाहून, सोमवारपर्यंत भरल्या. यंत्राच्या समजुतीने आत काहीच नव्हते, म्हणून ते सूची सोडून पहिल्या नोंदीपासून चाळत होते. पुन्हा मोजणी करू द्या, असा अर्ज त्याने दिला होता. रुग्णालयाच्या आवक रजिस्टरमधून तो निघाला. त्यावर सेक्रेटरींचा शेरा होता: ‘यंत्र बंद ठेवता येणार नाही. पाहुण्यांच्या भेटी संपल्यावर पाहू.’

पंचांसमोर त्याला यंत्रापाशी बसवले. तासाभराने त्या दगावलेल्या बाईचे नाव घातले. नोंद चार सेकंदांत आली. पंचनाम्यात वीस मिनिटे आणि चार सेकंद, दोन्ही वेळा लिहिल्या.

ऑपरेटरविरुद्ध गुन्हाच नाही असा अंतिम अहवाल दिला. आमच्याकडे त्याला बी रिपोर्ट म्हणतात. सेक्रेटरींवर निष्काळजीपणाचे कलम लावण्याचा प्रस्ताव वर पाठवला. तो वरच राहिला.

सुटकेच्या कागदांवर सही घेताना मी त्याला पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणालो. "तुमच्यावर आता काही नाही. घरी जा."

तो उठला नाही. "सर, मी आत होतो तेव्हा यंत्र तसंच चालू होतं. तेवढ्यात आणखी कुणाची नोंद उशिरा आली का?"

मी विचारले नव्हते. त्याच्यासमोर रुग्णालयाला फोन लावला. त्याच्या कोठडीच्या दुसऱ्या दिवशी एक वृद्ध गृहस्थ गेले होते. त्यांचीही नोंद उशिरा आली होती.

त्यानंतरच्या नोकरीत ‘हे कुणी केले’ हा माझा दुसरा प्रश्न असे. पहिला प्रश्न असे, ते अजून चालू आहे का. कुठल्या प्रशिक्षणात मला तो शिकवला नव्हता. माझ्याच कोठडीतल्या माणसाने शिकवला, आणि तोवर दोन माणसे गेली होती.