रेघा मोजणारी

बहात्तरचा दुष्काळ सरला, त्या साली मी आटपाडीला मुलगी बघायला गेलो. ती मुंबईच्या प्रयोगशाळेत होती. प्रोटॉनवर प्रोटॉन जोरात आदळले की नवे कण उडतात, त्यांच्या रेघा फोटोत उमटतात. त्या मोजायचं तिचं काम. सांगताना तिचं बोट सतरंजीवर रेघ ओढल्यासारखं सरकत होतं.

"रेघा मोजायला मानूस लागतंय व्हय?" माझे मामा हसले. मीही हसलो.

मग मामांनी सुई-दोरा मागवला. "डोळं शाबूत हायती न्हवं पोरीचं? ओव बघू."

तिनं एका दमात ओवली. दोरा पुन्हा काढला आणि दोन्ही माझ्यापुढं धरली. "आमच्याकडं एकाच्या नजरेवर भागत नाही. तोच फोटो दुसऱ्यानंही बघायचा असतो."

"आवं, गंमत करतीया ती," तिचे वडील घाबरून म्हणाले.

मी दोरा ओला केला, पिळला, पुन्हा ओला केला. नेढं सापडेना. ती हसली नाही. फोटो बघावा तशी माझ्याकडं बघत राहिली.

एस्टीत मामा म्हणाले, "लय आगाव हाय. नको म्हनून कळवू."

तिनं केव्हाच नको म्हटलंय, हे सांगायची मला लाज वाटली. दोरा तसाच माझ्याबरोबर आला होता; त्याचं पिळलेलं टोक अजून माझ्या चिमटीत होतं.