बस म्हटलं तरी

नागपुरात सक्करदऱ्याला राहणाऱ्या उन्नती निनावेनं हौसेनं कान वरच्या बाजूला पुन्हा टोचून घेतला आणि तिथं वाटाण्याएवढी गाठ आली. महाल भागातल्या एका डॉक्टरनं ती कापून दिली, तर परत आली ती थेट सुपारीएवढी. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण आधी तिच्या कानाशी बोलतो, मग तिच्याशी. तिला अगदी वीट आला होता.

शेवटी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. जखम झाली की कातडीतल्या पेशींना निरोप जातो, कोलॅजेनचे धागे तयार करा, खड्डा भरा. भरला की दुसरा निरोप, आता बस. काहींच्या कातडीत पहिला निरोप चालूच राहतो आणि 'बस'ला कोणी दाद देत नाही. नुसतं कापलं तर नवी जखम आणि पुन्हा तोच निरोप. म्हणून आधी इंजेक्शनं.

रविवारी सख्ख्या आत्याकडे जेवताना उन्नतीनं हे सगळं आवाज न चढवता सांगितलं. आत्या भात वाढत ऐकत होती.

"समजलं," आत्या म्हणाली. "पण अजून एकडाव कापून पाह्यलं तं काय होते वं?"

उन्नतीनं ताटावर हात आडवा धरला. "बस, आत्या. खरंच बस."

"लाजू नको," म्हणत आत्यानं तिच्या बोटांच्या फटीतून भात वाढला.

उन्नती त्या ढिगाकडे पाहत राहिली.

"आता समजलं मले," ती म्हणाली, "माझ्या कानाले हे कोणाकडून आलं ते."