हरेश्वरकाकांच्या ब्रेकमधली टक

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर चारचौघांत सांगते, ह्यांच्या पोटात काही राहत नाही म्हणून. राहिलंय. सात वर्षं राहिलंय.

माझं बोळिंजला दुचाकीचं गॅरेज आहे. आणि एक आधीच सांगून टाकतो — ब्रेकच्या आवाजात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या विरारमध्ये नाही. बढाई वाटेल, वाटू द्या. सकाळी गाडी काढल्यावर पहिल्या दोन-तीन ब्रेकला बारीक किंचाळते आणि मग गप्प होते? डिस्कवर दमट हवेचा गंज धरलाय, विसरून जा. आमच्याकडे खाडीची हवा, ती लोखंडाला सुखानं राहू देत नाही. प्रत्येक ब्रेकला खर्रर्र करते? पॅड संपले, गाडी इथेच ठेवा आणि रिक्षानं घरी जा. आणि ब्रेक दाबला की एकदाच, कोरडी — टक? मग काहीतरी सैल आहे. ती गाडी मी दारातून हलू देत नाही.

हलू देत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

हरेश्वरकाका गिरीजचे. केळीची आणि सोनचाफ्याची वाडी. रोज सकाळी काका मोटारसायकल चालवायचे, मागे नलूकाकी, तिच्या मांडीवर फुलांची टोपली, आणि दोघं बाजाराला. गाडी पहिल्यापासून माझ्याकडेच. सात वर्षांपूर्वी पुढच्या ब्रेकचे पॅड मी बदलले. मीच, दुसऱ्या कुणी नाही. पॅड ज्यात बसतात तो कॅलिपर दोन बोल्टवर असतो. तो उतरवला, साफ केला, परत चढवला. मध्येच कुणीतरी हाक मारली, मी उठलो — आणि परत येऊन दुसरा बोल्ट आवळला का? तेव्हा वाटलं, आवळला.

आठवड्यानं काका आले. "सुधीर, पुढून टक वाजतंय रे. ब्रेक लावला की एकदाच."

गॅरेजमध्ये चार-पाच गिऱ्हाइकं उभी होती. मी मानही वर केली नाही. "नवे पॅड आहेत काका, बसायला वेळ लागतो."

पुन्हा आले. या वेळी टाळूला जीभ लावून त्यांनी तो आवाज काढून दाखवला. लोक हसले. मीही हसलो. म्हटलं, "काका, तुमचा कान आता म्हातारा झाला."

तिसऱ्यांदा आले तेव्हा म्हणाले, "अरे, हिलाही ऐकू येतं. तू एकदा ऐक तरी." आणि त्यांनी स्वतःच गाडी दहा पावलं ढकलत नेली, ब्रेक दाबला.

इथवर मला सांगता येतं. यापुढचं —

मला ती टक ऐकू आली. स्वच्छ. शंकेला जागाच नव्हती, त्याच क्षणी कळलं, कुठला बोल्ट ते. पाना माझ्या हातात होता. दोन मिनिटांचं काम. मग का नाही वाकलो? कारण मी दोनदा निकाल देऊन बसलो होतो, आणि वाकलो असतो तर दारात उभ्या सगळ्या गिऱ्हाइकांना दिसलं असतं, की सुधीरनं बोल्ट सैल ठेवला. मी म्हणालो, "काही नाही काका. बिनधास्त चालवा."

ते बिनधास्त चालवत गेले.

चौथ्या दिवशी वाडीकडे वळताना पुढचं चाक जागच्या जागी अडकलं. काकांना खरचटलं. काकी उजव्या खांद्यावर पडली. हाड असं मोडलं, की ऑपरेशन करूनही हात खांद्याच्या वर गेला नाही. आजही जात नाही.

गाडी टेम्पोतून माझ्याकडे आणली. मी खाली बसून पाहिलं. एक बोल्ट गायब, दुसरा वाकलेला, कॅलिपर फिरून चाकात घुसलेला. काका हॉस्पिटलातून यायच्या आत मी दोन्ही बोल्ट नवे घातले. घट्ट आवळले. तेवढं मात्र विसरलो नाही.

काका आले, तळव्याला पट्टी बांधलेली. "काय झालं होतं रे?"

"ब्रेक चांगला होता काका. पुढचा एकदम दाबलात तुम्ही. वळणावर असं दाबायचं नसतं."

त्यांनी पट्टीचा हात ब्रेक दाबल्यासारखा मिटून बघितला. मग म्हणाले, "हो. दाबला असेल मी."

त्या टकेबद्दल त्यांनी विचारलंच नाही. माझ्याकडे उत्तर तयार होतं. तीन वेळा येऊन सांगितलेला माणूस — त्यानं विचारायला नको होतं? पण ब्रेकचं सुधीरला कळतं, हे त्यांच्या मनात इतकं पक्कं होतं. महिन्याभरात त्यांनी गाडी विकली. फुलपाड्याचं गिऱ्हाईक मीच शोधून दिलं.

मागच्या गणपतीत त्यांच्याकडे दर्शनाला गेलो. काकी ओट्यावर बसली होती आणि काका मागे उभे राहून तिचे केस विंचरत होते. वाडीत कुदळ मारलेले ते जाड हात — सावकाश, एकेक गुंता सोडवत. अंबाडा घातला, वर चाफ्याचं फूल खोचलं.

काकी हसून म्हणाली, "बघ सुधीर, ह्यांनीच पाडलं, आता वेणीफणीही ह्यांनाच करावी लागते."

काका हसले नाहीत. फणीतले केस काढत माझ्याकडे बघून म्हणाले, "माझीच चूक ती. ह्याला माहीत आहे."

सांगायला यापेक्षा मोकळी जागा कुठली मिळणार होती? दोघंही समोर होती. मी म्हणालो, "होतं काका असं." आणि काकीनं डाव्या हातानं पुढे केलेला मोदक खाल्ला.

बोल्ट मी सैल ठेवला. आवाज मी ऐकला. खोटं मी बोललो, आणि अजून मागे घेतलेलं नाही. त्या सकाळी ब्रेक नेमका कसा दाबला, हे काका अजून आठवून बघतात, असं काकी सांगत होती.

त्यांनी तो बरोबर दाबला होता.