जानेवारीतले आलू

फोन आला तेव्हा मी कणीक भिजवत होते. पलीकडे देवरावभाऊजी होते, माझ्या नणंदेचे, कुसुमताईंचे, धाकटे दीर. "सुनंदाबाई, वहिनी गेल्या जी..." एवढंच बोलले. कुसुमताई रात्री जेवून झोपल्या होत्या, सकाळी उठल्याच नाहीत. आदल्या दिवशी दुपारपर्यंत वावरात होत्या. वय त्र्याहत्तर. ताईंच्या गावी, सावनेरकडे जाताना गाडीत आमचे हे खिडकीबाहेर पाहत होते. मला मात्र राहून राहून सात वर्षांपूर्वीचा जानेवारी आठवत होता, आणि खरं सांगते, डोळ्यांत पाणी असताना हसू येत होतं.

त्याच्या आदल्या वर्षी ताईंचे यजमान वारले. मूलबाळ नव्हतं. देवरावभाऊजी म्हणाले, "वहिनी, आता नागपूरले भावाजवळ आराम करा. वावराचं मी पाहतो." माणूस वाईट नव्हता, काळजीनंच बोलला. ताई एक ट्रंक घेऊन आमच्या मनीषनगरच्या घरी आल्या. पंचेचाळीस वर्षं त्यांनी त्या गावात निंदण केलं, कापूस वेचला, मिरच्या तोडल्या. पण कोणत्या वावरात काय पेरायचं हे त्यांना एकदाही कुणी विचारलं नव्हतं. आधी सासऱ्यांनी ठरवलं, मग नवऱ्यानं, मग दिरानं. आमच्याकडे त्या मागच्या गॅलरीत बसून राहायच्या. जेवा म्हटलं की जेवायच्या, टीव्ही लावला की पाहायच्या. कुठल्या गोष्टीला नाही म्हणून नव्हतं, आणि त्याचंच मला वाईट वाटायचं.

गॅलरीसमोर आमचाच प्लॉट आहे. यांनी नोकरीत असताना घेतलेला, पुढे तसाच पडलेला. गाजरगवत छातीपर्यंत, मध्ये बाभळी, आणि आजूबाजूच्या बांधकामांचा मलबा. डिसेंबर संपता संपता मी जिन्याखालचं सामान काढलं. मुलीच्या साखरपुड्यासाठी आणलेल्या आलूंचं अर्धं पोतं तिथं विसरून राहिलं होतं. सगळ्यांना कोंब फुटलेले. मी पोतं ओढत फाटकापर्यंत नेलं, तर ताई मागून आल्या आणि पोत्याचं तोंड धरलं.

"फेकून काहून राहिली वं?"

"ताई, कोंब आलेत. खाता येत नाहीत आता."

"खाले नाही. लावाले." आणि प्लॉटकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पदर खोचून, हातात कोयता घेऊन त्या गवतात शिरल्या. नऊ दिवस लागले. विटांचे तुकडे, संडासाचं फुटकं भांडं, प्लास्टिकच्या थैल्या, सापाची कातसुद्धा निघाली. हातांना काटे लागून रक्त यायचं, संध्याकाळी मी हळद लावायची. हे म्हणाले, "ताई, आलू लावायचा टाइम दिवाळीच्या आसपास असतो. आता जानेवारी लागला." ताई म्हणाल्या, "मले माहीत हाय बापू," आणि कोंबांचे डोळे राखून फोडी कापत राहिल्या. फोडी सडू नयेत म्हणून त्यांना चुलीची राख हवी होती; ती आणायला मी कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे गेले, तर तोही माझ्यासारखाच हसला.

सगळ्यात मोठ्यानं हसले देवरावभाऊजी. संक्रांतीला तीळ आणि तुरीच्या शेंगा घेऊन आले होते. सरीतले चार कोंब जमिनीच्या वर आलेले पाहून म्हणाले, "वहिनी, हे मार्चात उकडूनच निघतीन!"

"उकडून निघाले तं मीठ घेऊन या," ताई म्हणाल्या. त्यांनी दिराला उलट उत्तर दिल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. भाऊजीही चमकले.

ताईंचा हिशेब साधा होता. कोंब आधीच फुटलेले, म्हणजे तेवढे दिवस वाचले. राहिलं ऊन. जमीन तापली की आलू पोसत नाही, म्हणून जमीन तापूच द्यायची नाही. त्यांनी गावाहून सोयाबीनचं कुटार मागवलं, आठ पोती भुसा, आणि माती चढवून झाल्यावर सगळे वरंबे त्याखाली झाकून टाकले. आमच्या अंघोळीचं, भाजी धुतल्याचं पाणी बादल्यांनी तिकडे जाऊ लागलं. फेब्रुवारीच्या शेवटी मात्र एकदम तापलं. एका दुपारी पाहिलं तर पानं खाली लोंबलेली, जणू कुणी गरम पाणी ओतलंय. नळालाही दोन दिवस पाणी नव्हतं. ताई बांधावर बसल्या होत्या. मी म्हटलं, "जाऊ द्या ताई, तुम्ही केलं तेवढं खूप झालं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "आजपर्यंत वाया गेलं तं त्याईचं गेलं, सुनंदा. बोंडअळी आली, गारा पडल्या... मी रडली, पण ते त्याईचं होतं. हे गेलं तं माझं जाईन." थोड्या वेळानं म्हणाल्या, "जाऊ दे. पण माझं जाईन."

मी घरात गेले, प्यायच्या पाण्याचे दोन हंडे उचलले आणि ओळीत ओतले. त्यानंतर मी हसले नाही. शेजारच्या बाई नळी घेऊन आल्या. चहावाला रोज संध्याकाळी एक डबा पाणी आणून ओतायचा.

होळीनंतर ताईंनी पाला कापला, दहा दिवस थांबल्या आणि भाऊजींना फोन केला, "या." ते आले. सकाळचं कोवळं ऊन होतं. पहिल्या झाडाखाली गोट्यांएवढे तीन निघाले. दुसऱ्याखाली दोन. ताईंनी सरी बदलली, कुटार बाजूला केलं, हात कोपरापर्यंत ओल्या, गार मातीत घातला... आणि हात बाहेर आला तो मुठीत न मावणारा आलू घेऊन. मग एक आणखी. मग यांनी कुदळ टाकली आणि हातानंच उकरायला बसले. दुपारपर्यंत अकरा घमेली भरली. लहान होते, वेडेवाकडे होते, पण पातळ सालीचे, चकचकीत. चहावाल्यानं पेढे वाटावेत तसे लोकांना दाखवले.

मी कुकर लावला. भाऊजी जेवायला बसले, आलू फोडला, आणि मान खाली घालून म्हणाले, "वहिनी, मीठ वाढा." सगळे हसलो. ताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या हिश्श्याचं वावर यंदा मी करीन. काय पेराचं ते मी सांगीन." भाऊजींचा हात ताटात थांबला. मग ते म्हणाले, "बरं हाय." एवढंच.

ताई परत गेल्या त्या गेल्याच. सात हंगाम त्यांनी स्वतःच्या मर्जीनं काढले. वावराच्या कडेला एक खोली बांधली. एक वर्ष हरभरा पार मर रोग लागून गेला, तर फोनवर मला सांगताना आवाजात दुःख होतं आणि ऐटही होती. आलू मात्र दर वर्षी, आता वेळेवर.

यंदाचे आलू त्या गेल्या तेव्हा जमिनीतच होते. तेरवीच्या सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले. खाट, मच्छरदाणी, खुंटीवर उन्हाची टोपी. दार उघडं ठेवलं की खाटेवरून सगळं वावर दिसतं. तिथं देवरावभाऊजी, सत्तरीचे, चार बायांसोबत वाकून आलू काढत होते. दुपारी पंगत बसली, सारं गाव आलं. भाजी त्याच आलूंची. भाऊजींनी कुणाला वाढू दिली नाही, बादली स्वतः घेतली. एका पाहुण्यानं विचारलं, आलू बाजारातून आणले का?

"नाही जी," भाऊजी म्हणाले, "कुसुमवहिनीच्या वावरातले हायत. घ्या, पोटभर घ्या."