वहीत न लिहिलेला नवरंग

गोरेवाड्याच्या जंगलात बाबा आणि मी वर्षभर पक्षी बघायला जायचो. हिवाळ्यात तलावावरची बदकं, उन्हाळा सरता सरता नवरंग. आमचा नियम एकच होता: दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत लिहायचा.

शेवटी शेवटी बाबांची नजर पार अधू झाली, पण कबूल करतील ते बाबा कसले! त्या वर्षी महिनाभर हुलकावणी देणारा नवरंग अखेर मला झुडपाखाली दिसला. मी बोट दाखवलं. बाबांनी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि म्हणाले, “दिसला वं. लिही.”

दुर्बिणीची झाकणं काढलेलीच नव्हती.

“खोटं काहून बोलून राहिले, बाबा?” मी खेकसले. त्यांनी दुर्बीण पिशवीत ठेवली. पुन्हा कधी सोबत आले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात गेलेच.

यंदा नवरंग अगदी समोरच्या दगडावर येऊन बसला. मी सवयीनं वही उघडली आणि तशीच थांबले. “दिसला” म्हणायला शेजारी कोणीच नव्हतं. बाबा तेव्हा खोटं बोलले, ते माझा नवरंग वहीत जावा म्हणून. आणि नियमावर बोट ठेवून मी तो लिहिलाच नव्हता.